रात्री फिल्टर बंद करू नका, कपात हीटर आणि दिव्यांत करा

प्रश्न: माझ्याकडे पाच फिशटँक आहेत. हॉलमध्ये 200 लिटरचा मोठा, त्यात एंजल आणि टेट्रा. त्याला 20 वॅटचा कॅनिस्टर फिल्टर, 28 अंशांवर लावलेला 200 वॅटचा हीटर आणि 39 वॅटच्या दोन टी-5 ट्यूब. ट्यूब सकाळी लावते त्या रात्री झोपताना बंद करते, म्हणजे तेरा-एक तास होतात. झाडं जावा फर्न आणि अनुबियास. टँक वरून उघडा आहे, रोज लिटरभर पाणी भरावं लागतं. दुसरा 100 लिटरचा, गोल्डफिशचा. त्यालाही हीटर आहे, 26 वर. बाकीचे तीन पंचवीस-पंचवीस लिटरचे. एकात फायटर, एकात गप्पी, एकात चेरी श्रिंप, प्रत्येकाला 5 वॅटचा आतला फिल्टर आणि छोटा हीटर. थंडीत खोली 20 अंशांपर्यंत उतरते आणि मोठ्या टँकचा हीटर बघावं तेव्हा निम्म्या वेळा चालूच असतो. बिल इतकं वाढलंय की घरात रोज त्यावरून बोलणं होतं. मिस्टर आता रात्री सगळे फिल्टर बंद करून झोपतात. गेले काही दिवस सकाळी एंजल वर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसतात. मिस्टरांचं म्हणणं, चार टँक देऊन टाक. 200 वॅटचा हीटर काढून 100 चा लावला तर बिल निम्मं होईल का? टँक खरंच बंद करावे लागतील का?

उत्तर: पुढचं सगळं सवडीने वाचलंत तरी चालेल, पण फिल्टर आज रात्रीपासून बंद होता कामा नयेत. एंजल वर येऊन तोंड उघडतात याचं कारण तेच आहे, आणि यापेक्षा स्पष्ट खूण मासा देऊ शकत नाही.

फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि मातीच्या गोळ्यांवर जे जिवाणू वाढतात, ते माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून तयार होणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना विषारी, नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य. या जिवाणूंना काम करायला प्राणवायू लागतो आणि तो त्यांना वाहत्या पाण्यातूनच मिळतो. कॅनिस्टर तर बंद डबा. पंप थांबला की आत अडकलेल्या पाण्यातला प्राणवायू जिवाणू स्वतःच संपवतात, मग उपासमार सुरू होते आणि काही तासांत डब्यातलं पाणी नासायला लागतं. सकाळी स्विच लावला की तेच पाणी थेट टँकमध्ये येतं. त्यात रात्र ही टँकसाठी तशीच अवघड वेळ असते, कारण अंधारात झाडं प्राणवायू सोडत नाहीत, उलट माशांसारखीच घेतात. वरचं पाणी हलायचं बंद झालं की हवेतून येणारा प्राणवायूही घटतो. हे सगळं एकाच वेळी तुमच्या एंजलवर येतंय.

म्हणून फिल्टर चालू झाला की पहिलं काम पाण्याची चाचणी. अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याचं किट घरात असू द्या. दोहोंपैकी एकही दिसलं, तर 25 ते 30 टक्के पाणी बदला, खाद्य निम्मं करा आणि दर दोन दिवसांनी पुन्हा तपासा. कॅनिस्टर उघडून बघा. कुजका वास येत असेल तर स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यात हलकेच खंगाळा. नळाखाली धरू नका, क्लोरीनने उरलेसुरले जिवाणूही जातील. जिवाणूंची वसाहत परत भरायला काही आठवडे लागू शकतात, तोवर नवीन मासा आणू नका.

आता मिस्टरांना हिशोब दाखवूया, कारण त्यांचं म्हणणं मुळात चुकीचं नाही. बिल वाढलं आहे आणि टँक वीज खातात, हे खरंच आहे. फक्त कुठली वस्तू किती खाते, हे त्यांनी आवाजावरून आणि दिव्यावरून ठरवलंय. वॅटला तासांनी गुणायचं आणि हजाराने भागायचं, की युनिट मिळतात. 20 वॅटचा कॅनिस्टर रात्रीचे आठ तास बंद ठेवला तर रोज 0.16 युनिट वाचतं, महिन्याला पाच युनिटसुद्धा नाही. त्याच टँकवरच्या दोन ट्यूब मिळून 78 वॅट, चोकचं धरून 80 समजू. तेरा तासांचे रोज एक युनिटहून थोडे जास्त, महिन्याला 31. आणि 200 वॅटचा हीटर तुम्ही म्हणता तसा निम्मा वेळ चालत असेल, तर रोज 2.4 युनिट, महिन्याला 72. म्हणजे घरात ज्या पाच युनिटांवरून वाद चाललाय, त्यांच्या शेजारीच शंभराहून जास्त युनिट आहेत आणि त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नाही.

शक्य असेल तर प्लगमध्ये लावून वीज मोजणारं छोटं मीटर आणा. एकेका वस्तूला किमान एक पूर्ण दिवस लावून ठेवा. हीटरला आठवडाभर, कारण तो थंडीच्या रात्री एक आणि ऊन पडलेल्या दुपारी भलतंच काही दाखवतो. एकदा हेच मीटर फ्रिजलाही लावून बघा. आणि थंडीत गीझर किती वेळ चालतो त्यावरही लक्ष ठेवा. 2000 वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट जातं. बिल थंडीत वाढलंय म्हणजे सगळं माशांनीच वाढवलं असं धरून चालू नका.

हीटरच्या वॅटबद्दलची तुमची समजूत मात्र दूर करायला हवी. 200 काढून 100 वॅटचा लावल्याने बिल निम्मं होणार नाही. जवळजवळ काहीच फरक पडणार नाही. टँकमधून जेवढी उष्णता बाहेर जाते तेवढीच हीटरला परत भरावी लागते. 200 वॅटचा हीटर ती निम्म्या वेळात भरतो, 100 वॅटचा सतत चालू राहून भरेल. तुमच्या टँकमधून सरासरी 100 वॅटच्या आसपास उष्णता जातेय, हे तुमच्याच निरीक्षणावरून निघतं. तेव्हा 100 वॅटचा हीटर कायम चालू राहील आणि एखाद्या जास्त थंड रात्री कमी पडेल. खर्च करायचाच असेल तर एकाऐवजी 100 वॅटचे दोन लावा. त्याने वीज वाचणार नाही, पण एकाचा थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला हीटर बंद करणारा भाग, चिकटून तो चालूच राहिला तरी पाणी चटकन उकळीसारखं तापणार नाही, आणि एक बंद पडला तर दुसरा निम्मा भार सांभाळेल.

वीज वाचते ती उष्णता बाहेर जायचं थांबवल्यावर, आणि ती किती वेगाने जाते हे प्रामुख्याने पाणी आणि खोली यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. खोली 20 वर, पाणी 28 वर, फरक 8 अंशांचा. पाणी 25 वर आणलंत की फरक 5 उरतो, म्हणजे गळतीही साधारण आठातली पाच. तेच 72 युनिट 45 च्या आसपास येतात, कुठलीही नवीन वस्तू न आणता. एंजल आणि नेहमीच्या टेट्रांना 25 अंश मानवतात. 28 अंश लागतात ते डिस्कससारख्या माशांना, किंवा एंजलची पिल्लं वाढवताना, किंवा आजारपणात. बरेच जण दुकानातून आणलेला हीटर ज्या आकड्यावर असतो त्यावरच वर्षानुवर्षं ठेवतात. थंड पाण्याचा आणखी एक फायदा आहे. 28 अंशांच्या पाण्यात हवेतून जास्तीत जास्त 7.8 मिलिग्रॅम प्रतिलिटर प्राणवायू विरघळतो, 25 अंशांना 8.3. वर कोमट पाण्यात माशाचं शरीर प्राणवायू मागतंही जास्त. तुमच्या धापा टाकणाऱ्या एंजलना यामुळेही थोडा आराम पडेल.

पण हे आजच करू नका. मासे आधीच ताणाखाली आहेत आणि तापमान एकदम उतरलं की पांढऱ्या ठिपक्यांचा रोग डोकं वर काढतो. फिल्टर आठवडाभर नीट चालू दे, चाचणी स्वच्छ येऊ दे, मग दर दोन दिवसांनी एक अंश या हिशोबाने उतरवा. हीटरच्या डायलवर विश्वास ठेवू नका, तो एक-दोन अंश सहज चुकतो. टँकच्या दुसऱ्या टोकाला वेगळा थर्मामीटर लावा आणि त्याचाच आकडा धरा.

आता त्या उघड्या टँकविषयी. रोज लिटरभर पाणी भरावं लागतं, हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण माझ्या मते तुमच्या पत्रातला सगळ्यांत महत्त्वाचा तपशील तोच आहे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 0.68 युनिट उष्णता लागते. ती पाण्यातूनच जाते आणि हीटर ती भरून काढतो. महिन्याला 20 युनिट नुसती हवेत उडतात. वर काच किंवा पारदर्शक पॉलिकार्बोनेटचं झाकण टाकलं, की वाफ झाकणाला लागून थेंब होऊन परत पाण्यात पडते आणि यातली बरीच उष्णता आत राहते. झाकण पूर्ण हवाबंद नको. नळ्या आणि वायर जायला कोपऱ्यात फट लागतेच, हवा खेळायला ती पुरते. उघडा टँक दिसायला छान दिसतो हे मला मान्य आहे. थंडीचे महिने झाकण ठेवा, उन्हाळ्यात काढा.

काचेतूनही उष्णता जाते, आणि त्यावर थर्माकोलसारखा सोपा उपाय नाही. तुमचा टँक साधारण 100 सेंटिमीटर लांब, 40 रुंद आणि 50 उंच असेल असं धरते. त्याच्या चारही उभ्या काचांचं क्षेत्रफळ 14,000 चौरस सेंटिमीटर होतं. त्यातली मागची आणि दोन बाजूंच्या काचा मिळून 9,000. म्हणजे समोरून दिसणारी काच मोकळी ठेवूनही जवळजवळ दोन तृतीयांश भिंत झाकता येते. दोन सेंटिमीटर जाडीची थर्माकोलची शीट मापात कापा आणि काचेला घट्ट टेकवून चिकटपट्टीने बसवा. मध्ये पोकळी राहिली तर हवा खेळते आणि निम्मा उपयोग जातो. काचेच्या बाजूला काळा किंवा गडद निळा कागद लावलात तर मागची बाजू पूर्वीपेक्षा सुंदर दिसेल, माशांचे रंगही उठतील. तळाखाली थर्माकोल घालायचा मोह होईल, पण भरलेला टँक उचलू नका. नुसतं पाणीच 200 किलो आहे. कधी टँक रिकामा केलात तर तेव्हा घाला, तोही सपाट तळाच्या टँकखाली. ज्या टँकला खालून प्लास्टिकची चौकट असते आणि तळाची काच अधांतरी असते, त्याला खाली थर्माकोल लावू नये, काचेवर नको तिथे दाब येतो. थर्माकोल आणि प्लग, चोक, एक्स्टेन्शन बोर्ड यांच्यात अंतर ठेवा.

टँक खिडकीशी किंवा दाराच्या झोताजवळ असेल तर जागा बदलायचाही विचार करा, पण तो टँक रिकामा करायची वेळ आली तरच. आणि एसीच्या खोलीत टँक ठेवू नये. तिथे हीटर पाणी तापवतो, तीच उष्णता एसी बाहेर टाकतो, आणि दोन्ही यंत्रं तुमच्याच मीटरवर एकमेकांविरुद्ध चालतात.

दिव्यांचं काम सगळ्यांत सोपं आहे. माशांना दिवा लागतो तो दिवस आणि रात्र कळण्यापुरता. खोलीतल्या उजेडावरही त्यांचं भागतं. दिवा खरा झाडांना लागतो, आणि तुमची झाडं जावा फर्न आणि अनुबियास, म्हणजे सावलीत राहणारी. त्यांना आठ तास पुरतात. सध्याच्या ट्यूब तशाच ठेवून टायमरने आठ तासांवर आणल्या तरी महिन्याचे 31 युनिट 19 वर येतात. पुढे ट्यूब बदलायची वेळ येईल तेव्हा 30 वॅटचा एलईडी दिवा घ्या. तो आठ तास चालला तर महिन्याला सात युनिट. टायमर दुपारी दोन ते रात्री दहा असा लावा, म्हणजे घरातली माणसं बघायला असतात तेव्हाच टँक उजळलेला असेल. तेरा तासांच्या उजेडात काचेवर आणि अनुबियासच्या पानांवर शेवाळ धरत असणार, तेही कमी होईल. अनुबियास फार हळू वाढतं, त्याच्या एकेका पानावर शेवाळाला बसायला महिने मिळतात, म्हणून जास्त उजेडाचा फटका पहिला त्यालाच बसतो. वीज वाचवायला टँक खिडकीतल्या उन्हात मात्र नेऊ नका. शेवाळ वाढेल, पाणी दुपारी तापेल आणि रात्री उतरेल.

इथे एक बारकावा सांगायला हवा, नाहीतर पुढच्या बिलाला हिशोब जुळत नाही असं वाटेल. पाण्यात बुडालेला पंप जी वीज घेतो ती शेवटी जवळजवळ सगळी उष्णता होऊन पाण्यातच उतरते. दिव्यांचीही थोडी उतरते. थंडीत हे काढलंत तर तेवढी उष्णता हीटर भरतो. त्यामुळे झाकण, थर्माकोल आणि तापमान या गोष्टी आधी, पंपांची अदलाबदल नंतर.

गोल्डफिशच्या टँकमधला हीटर जवळपास निरुपयोगी आहे. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा, 20 अंशांना तो मजेत राहतो. 26 अंशांवरून एक-एक अंश करत खोलीच्या तापमानापर्यंत आणा. हीटर काढून टाकायची गरज नाही, 18 वर लावून ठेवा. एखादी रात्र फारच थंड पडली तरच तो चालू होईल. या एका बदलाने 100 लिटरच्या टँकची हीटरची वीज बहुतेक सगळी वाचते. फिल्टर मात्र गोल्डफिशला इतर माशांपेक्षा दमदार हवा, कारण तो खातो भरपूर आणि घाणही तितकीच करतो. तिथे काटकसर नको.

छोट्या टँकांकडे जरा वेगळ्या नजरेने बघावं लागतं. लहान टँक पाण्याच्या मानाने जास्त उष्णता गमावतो, कारण त्याच्या पाण्याच्या वाट्याला पृष्ठभाग जास्त येतो. 30 सेंटिमीटरचे चार चौकोनी टँक घेतले तर पाणी 108 लिटर आणि सगळ्या बाजू मिळून 21,600 चौरस सेंटिमीटर. तेवढंच पाणी 48 सेंटिमीटरच्या एकाच चौकोनी टँकमध्ये ठेवलं तर पृष्ठभाग 13,800 च्या घरात. तिसऱ्या हिश्श्याहूनही जास्त कमी. म्हणून नवीन टँक घ्यायची इच्छा झाली तर छोट्यांत भर घालण्यापेक्षा एक मोठा घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. मोठ्या टँकचं पाणी स्थिर राहतं आणि वीज गेली तर निवतंही सावकाश.

तुमच्याकडच्या तिघांना एकत्र करता येणार नाही. फायटर गप्पींच्या लांब शेपट्या कुरतडेल आणि श्रिंप खाईल. गप्पी मोठ्या श्रिंपला काही करत नाहीत, पण पिल्लं सोडत नाहीत, आणि 25 लिटरमध्ये दोघांची गर्दीही होईल. गप्पी मोठ्या टँकमध्ये टाकायचा विचार येईल, पण एंजलच्या तोंडात मावेल ते एंजल खातो. तेव्हा टँक वेगळेच राहू दे. चेरी श्रिंपचा हीटर बंद करा, 20 अंश त्यांना चालतात. वाढ आणि पैदास जरा मंदावेल इतकंच. गप्पींना 23 पर्यंत आणा. फायटरला मात्र 25-26 अंशच ठेवा. तो पृष्ठभागावर येऊन हवेतूनही श्वास घेतो, म्हणून पाण्यावरची हवा ऊबदार आणि दमट राहिलेली त्याला बरी. त्याच्या टँकला झाकण आधी करा. तिन्ही टँक एका ओळीत, काचेला काच टेकवून ठेवलेत तर मधल्या भिंतींतून खोलीत उष्णता जायची थांबते. शेजारी कोण आहे हे दिसलं की फायटर दिवसभर कल्ले फुगवून काचेवर धावत राहील, तेव्हा त्याच्या बाजूला थर्माकोलचा एक पडदा हवा.

तीन आतल्या फिल्टरांऐवजी तीन स्पंज फिल्टर आणि त्या सगळ्यांना मिळून 5 वॅटचा एकच एअर पंप पुरतो. 15 वॅटचे 5 झाले म्हणजे महिन्याला सात युनिट. वीज फार वाचते असं नाही, पण फायटरला संथ पाणी आवडतं, श्रिंपची पिल्लं स्पंजवर चरतात आणि बिघडायला त्यात फारसं काही नाही, म्हणून मी हा बदल सुचवते. जुने फिल्टर लगेच काढू नका. नवे स्पंज महिनाभर त्यांच्या जोडीला चालू द्या, म्हणजे जिवाणू त्यात येऊन बसतात. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा प्रत्येक नळीला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा, नाहीतर वीज गेली की पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं. वीज जाण्याचा त्रास असेल तर बॅटरीवर चालणारा एक एअर पंप घरात ठेवाच.

मोठ्या टँकचा कॅनिस्टर बदलायची आत्ता गरज नाही. पुढे कधी घ्याल तेव्हा गती कमी-जास्त करता येणारा डीसी पंप बघा. पंपाची गती 80 टक्क्यांवर आणली की वीज जवळपास निम्मी लागते. तोटी आवळून प्रवाह कमी केला तर मात्र तसा फायदा होत नाही, पंप आतून तितकंच जोर लावत राहतो.

पाणी बदलणं कमी करून वीज वाचवायला जाऊ नका. 50 लिटर पाणी पाच अंशांनी तापवायला 0.3 युनिटसुद्धा लागत नाही. नवीन पाणी आदल्या दिवशी भरून खोलीत ठेवा, तेही वाचेल. पाणी बदलताना हीटरचा प्लग आधी काढा, तापलेली काच उघडी पडली तर तडकते. प्रत्येक वायर सॉकेटकडे जाताना मध्ये खाली झोळ खाऊन वर जाऊ दे, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब सॉकेटमध्ये न जाता खालीच पडेल. घराच्या बोर्डावर आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर टँक पाच असोत की एक, तो बसवून घ्या.

उन्हाळ्यात हेच सगळं उलटं करायचं. झाकण आणि थर्माकोल काढा, पाण्यावरून वारा जाईल असा पाच-सात वॅटचा छोटा पंखा लावा. वाफेबरोबर जाणारी जी उष्णता आता तुमचं बिल वाढवते, तीच तेव्हा पाणी दोन-तीन अंश गार ठेवेल, आणि पाणी गार करणाऱ्या शेकडो वॅटच्या चिलरची गरज पडणार नाही. उडालेलं पाणी तेवढं रोज भरायचं.

राहिला प्रश्न टँक बंद करण्याचा. माझं उत्तर, आत्ता नाही. महिनाभर हे बदल करा, मीटरचे आकडे कागदावर लिहून ठेवा आणि मिस्टरांबरोबर बसून बघा. माशांचा खर्च महिन्याला किती युनिटपर्यंत चालेल, हे तुम्ही दोघांनी मिळून ठरवा. मग टायमर लावणं, आकडे नोंदवणं हे काम त्यांच्याकडेच द्या. रात्री उठून फिल्टर बंद करणारा माणूस या गोष्टीकडे लक्ष देतो आहे, त्याला योग्य स्विच दाखवायला हवा.

त्यानंतरही एखादा टँक कमी करायचा ठरला, तर गप्पींचा करा. त्यांना घर सहज मिळतं. मासे पाळणाऱ्या ओळखीच्या कुणाला तरी द्या किंवा दुकानदाराला परत घेशील का विचारा. नदी, तळं, विहीर, ओढा, कुठेही सोडू नका, मग ते कितीही दयेचं काम वाटो. डासांच्या अळ्या खातात म्हणून गप्पी जगभर पाण्यात सोडले गेले आणि कित्येक ठिकाणी तिथल्या मूळच्या लहान माशांच्या जागेवर आणि खाद्यावर त्यांनी कब्जा केला. गोल्डफिश मोकळ्या तळ्यात मोठे होतात, तळ उकरून पाणी गढूळ करतात. श्रिंप आणि टँकमधली झाडंही बाहेर टाकू नका. काढलेली झाडं सुकवून मग कचऱ्यात द्या. गप्पींना घर मिळेपर्यंत त्यांचा टँक झाकण ठेवून, 23 अंशांवर आणि सामायिक एअर पंपावर फार थोड्या विजेत चालू राहतो, त्यामुळे घाईने कुणाच्याही हाती देण्याची वेळ तुमच्यावर येणार नाही.